निगेटिव्ह आमच्याकडे आहे

हल्ली मला कुणी नाव विचारत नाही. फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कॅमेरा कुठला वापरता?" मी चाळीस वर्षं कर्जतमध्ये फोटो काढतोय. ज्यांच्या लग्नाचे फोटो मी काढले त्यांच्या पोरांची लग्नं आता काढतो. पण हे सांगायला जावं तर समोरचा मधेच तोडतो. "ते ठीक आहे काका, पण कॅमेरा?"

गेल्या वर्षी पळसदरीच्या धरणावर एका जोडप्याचे फोटो काढायचे होते. लग्नाआधीच नवरानवरीला पाण्याकाठी पळवायचं, झाडाला टेकवायचं, एकमेकांकडे बघायला लावायचं, हे एक नवीन निघालंय. लग्न खालापूरकडच्या एका रिसॉर्टवर होतं आणि ते ठरवणाऱ्या मॅडम मुंबईच्या. माझी निम्मीअधिक कामं आता त्यांच्याकडूनच येतात. माझा कॅमेरा तेव्हा सात वर्षांचा होता. कॅमेऱ्यांत सात वर्षं म्हणजे पणजोबाच. म्हणून मी मॉडेलचा आकडा लिहिलेला असतो त्यावर काळी टेप चिकटवली. आमच्या धंद्यातला हा जुना तोडगा. कुणी विचारलंच तर सांगायचं, चोराचिलटाची भीती असते हो.

नवरीचा मामेभाऊ सोबत आला होता. त्याच्या गळ्यात माझ्यापेक्षा भारी कॅमेरा, आणि तोही हौस म्हणून घेतलेला! त्याने मोठ्या प्रेमाने माझा कॅमेरा हातात घेतला, नखाने टेप सोलली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, हा तर मी शाळेत होतो तेव्हाचा!" सगळे हसले. मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला?

संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला घेतलं. "अन्वरभाई, तुमचं काम चांगलं आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण क्लायंट कॅमेऱ्यांची यादी मागतात. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल. तोवर नवीन मिररलेस कॅमेरा घेऊन टाका. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." बाई वाईट नाही. तिचंही पोट त्या यादीवर आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅमेरा घेतला की झालं. अहो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! नव्या कॅमेऱ्याला जुन्या लेन्स बसत नाहीत. बसवायच्या तर मधे एक कडं लावायचं, त्या कड्याची किंमत ऐकून मला खुर्ची लागली. बॅटऱ्या नवीन. फोटो ज्यावर साठतात ते कार्ड नवीन, कारण जुनं कार्ड नव्या खाचेत शिरतच नाही. एवढं करून घरी यावं तर काँप्युटर म्हणतो, ही फाइल मला उघडता येत नाही. मग काँप्युटर नवीन. वर कर्जतचा पाऊस. चार महिन्यांच्या दमटपणाने लेन्सच्या आत बुरशी धरते. माझी बायको नसीम पावसाळ्यात माझ्या लेन्स कापडात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवते. एकदा पाहुण्यांसाठी पुलाव करताना डब्यात हात घातला आणि हातात लेन्स आली तेव्हा म्हणाली, "तुमच्या धंद्यात एवढं एकच खायच्या डब्यात जातं. बाकी सगळं डब्यातून बाहेर."

स्टुडिओत काचेचं कपाट आहे. त्यात माझे आधीचे चार कॅमेरे मांडून ठेवलेत. प्रत्येक घेताना दुकानदाराने सांगितलं होतं की आता दहा वर्षं बघायला नको. चारही आज कुणी फुकट नेणार नाही. डाव्या बाजूचा दुसरा, काळा, जाडजूड, तो माझा पहिला डिजिटल. त्याची किंमत किती, हे मला गेल्या वर्षी कळलं. घेताना कळलं नव्हतं.

त्याआधी थोडं निगेटिव्हबद्दल सांगायला हवं, कारण आता कॉलेजातल्या पोरांना तो शब्दच माहीत नाही. फिल्मवर फोटो काढला की त्यावर उलटं चित्र उमटायचं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. ती फिल्म म्हणजे निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढता येत. प्रत हरवली, फाटली, भिजली तरी काळजी नाही. निगेटिव्ह आहे तोवर माणूस आहे.

माझ्या स्टुडिओचं अर्धं पोट पासपोर्ट फोटोवर चालायचं. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, दहावीचा फॉर्म. फॉर्मच्या आठवड्यात पोशीर, कळंब, कशेळेकडच्या पोरी घोळक्याने यायच्या. एक स्टूल, मागे निळा पडदा, पावडरचा डबा, आणि आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा, कारण सुटा ठेवला की चोरीला जायचा. मी सगळ्यांना एकच वाक्य म्हणायचो, "हनवटी वर, दात दाखवू नको." कुणी हसलंच तर पुन्हा काढायचा, कारण हसरा फोटो फॉर्मला चालत नसे. दोन दिवसांनी तीन प्रती पाकिटात घालून द्यायच्या. पाकिटावर मी हाताने नंबर लिहायचो आणि खाली छापलेलं असायचं: "निगेटिव्ह आमच्याकडे आहे. जादा प्रतींसाठी हा नंबर सांगावा." वाक्य माझंच. छापखान्यात उभ्या उभ्या सुचलेलं. आणि मी ते पाळायचो. हसलेल्या, डोळे मिटलेल्या, वाया गेलेल्या फोटोंच्याही पट्ट्या नंबर टाकून ठेवायचो. डार्करूमच्या तीन भिंती त्या खोक्यांनी भरल्या होत्या.

मग डिजिटल आलं. न घेतलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं, हे खोटं नाही. कॅमेऱ्याबरोबर काँप्युटर आला, प्रिंटर आला, आणि ते ठेवायला जागा एकच, डार्करूम. त्याच सुमाराला मुंब्र्याकडून एक माणूस तालुक्यातले स्टुडिओ फिरत होता. काळ्यापांढऱ्या फिल्मवर चांदी असते, ती हे लोक धुऊन काढतात. त्याने खोकी उघडली, एकेक पट्टी ट्यूबलाइटखाली धरली. लग्नांची रंगीत निगेटिव्हं त्याने पायाने बाजूला सारली. "रंगीन में चाँदी नहीं होती, भाई." काळीपांढरी सगळी गोणीत भरली आणि काट्यावर टांगली. चोवीसशे रुपये आले. त्यात मी नव्या कॅमेऱ्याचं कार्ड घेतलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं. आपण खूप हुशार आहोत असं वाटलं होतं.

तर गेल्या वर्षी, मॅडमनी सुनावल्यानंतर आठवड्याभरात, भातकापणीच्या दिवसांत एक म्हातारी स्टुडिओत आली. काउंटरवर पाकीट ठेवलं. पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या, पण माझंच. नंबर माझ्या अक्षरातला.

"अन्वर, वळखलास का? पोशीरची यमुना मी. ह्या नंबरचा फोटो दे."

"कोणाचा आहे मावशी?"

"माझ्या वनिताचा. धाव्वीच्या फारमाला तूच काढला व्हतास."

तीन प्रती फॉर्मबरोबर शाळेत गेल्या, घरात एकही राहिली नाही. परीक्षा झाली आणि निकालाआधी वनिता काविळीने गेली. तीस वर्षं होऊन गेली त्याला. एवढ्या वर्षांत का आली नाहीत, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मालक येऊ देत नव्हते. म्हनायचे, पोरीचा फोटो भिंतीवर नको, रोज डोळ्यांफुडं मरंल. शिमग्याच्या टायमाला तेच गेले. पोरानं नवीन घर बांधलंय, तिथं त्यांचा फोटो हार घालून लावलाय. आता अडवनारा सोताच भिंतीवर गेला. मंग मी पेटीतनं पाकीट काढलं."

मी पाकीट हातात धरून उभा होतो.

"आनि आयक," ती पुढे वाकून म्हणाली, "फारमावरला नको. तू दोनदा काढला व्हतास. पयल्यांदा ती हसली म्हनून तू वरडलास तिला. तो हसलेला दे. तो काढलायस ना ठेवून?"

"शोधावा लागेल मावशी," मी म्हणालो. "जुनं काम आहे. आठ दिवसांनी या."

ती खूश होऊन गेली. जाताना पाकीट मागून घेतलं. "तुला नंबर पायजे आसंल तर लिवून घे. पाकीट मी देनार नाय."

शोधायचं काय होतं? ती पट्टी मुंब्र्याला कुठल्यातरी पिंपात केव्हाच विरघळली होती. पण खरं बोलायची हिंमत झाली नाही. चाळीस वर्षं लोकांना 'हनवटी वर' सांगणाऱ्या माणसाची मान खाली गेली.

भिसेगावला घरी आलो आणि नसीमला सांगितलं. तिने विळीवरचा हात थांबवला. "तुमी विकलीत तेव्हा मी काय म्हणाले होते?"

"काय?"

"काय नाय म्हणाले. माझीपण अक्कल तेवढीच होती. आता खरं सांगून टाका त्या बाईला."

पण मी पळवाटा शोधल्या. अल्बम बनवणारा कल्याणचा एक पोरगा आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. आईचा फोटो द्या, भावाचा द्या. काँप्युटर पंधरा वर्षांची मुलगी बनवून देईल. हसती पाहिजे ना? हसती देतो." माझा जीव एक दिवस त्यात अडकला होता, हे लपवत नाही. आम्ही लग्नात नवरीचे फोड पुसतो, नवऱ्याचं पोट आत घेतो, ढगाळ दिवशी निळं आभाळ घालतो. त्याचं कधी काही वाटलं नाही. पण तीस वर्षं ज्या बाईने ते हसू लक्षात ठेवलंय, तिच्या हातात दुसऱ्याच कुणाचं हसू द्यायचं? पोराला नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "तुमची मर्जी, पण तिला कळलं नसतं." तिला शंभर टक्के कळलं असतं.

मग माळ्यावर चढलो. त्या माणसाने पायाने बाजूला सारलेली रंगीत निगेटिव्हं मी तेव्हा तिथेच टाकून दिली होती, ती अजून होती. चांदी नाही म्हणून वाचलेली. त्यात पोशीरची लग्नं शोधली. वनिताच्या दहावीच्या वर्षातलं एक सापडलं, पाटलांच्या घरचं. मांडवात अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या पोरींची रांगच होती. चार दिवस बसून ती सगळी चित्रं काँप्युटरवर मोठी केली. डोळे चुरचुरायला लागले. आणि मग लक्षात आलं की वनिता कशी दिसायची हे मला माहीतच नाही. मी तिला पाहिलं होतं, तिच्यावर ओरडलोही होतो, आणि मला तिचा चेहरा आठवत नाही. तशा हजारो आल्या. चेहरे लक्षात ठेवायची मला गरजच नव्हती, निगेटिव्ह होतं ना!

आठव्या दिवशी यमुनामावशी आली. नवं लुगडं नेसून आली होती. मी तिला काँप्युटरसमोर बसवलं आणि पोरी दाखवायला लागलो. ती स्क्रीनवर एकेकीच्या नाकाजवळ बोट नेऊन बघत होती.

"ही पाटलाची नंदा. ही तिची चुलतभैन. ही आमच्या आळीतली, आता चौकला आसते." असं करत शेवटपर्यंत आली. "ह्याच्यात नाय ती."

"नीट बघा मावशी. मागे कुठे असेल."

"नाय रं. त्या लग्नाला मीच न्हेली नव्हती तिला. धाव्वीचं वरीस, म्हनलं आब्यास कर. रडली व्हती पोर." ती माझ्याकडे वळली. "पन हे लग्नातलं कशाला दाखवतोस? मी नंबर आनलाय त्यो दे."

आता पळायला जागा नव्हती. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं, तेच पासपोर्टवालं, आणि सांगून टाकलं. डिजिटल आलं तेव्हा जागा हवी होती, काळ्यापांढऱ्यात चांदी असते, एक माणूस आला, वजनावर दिली.

तिला चांदीचं कळलं नसेल असं मला वाटलं. पण नेमकं तेच कळलं.

"केवढ्याला?"

"मावशी, जाऊ द्या ना ते."

"केवढ्याला रं?"

"सगळी मिळून चोवीसशे."

"सगळी मान्सं चोवीसशेला?"

मी मान हलवली. ती रागावेल, शिव्या देईल, पाकीट तोंडावर फेकेल, असं वाटत होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या काचेच्या कपाटाकडे बघत राहिली.

"मंग त्यो कॅमेरा तरी चांगला निघाला का?"

ती टोमणा मारत नव्हती. गावाकडे बैल विकून टेंपो घेतला तर माणसं विचारतात ना, टेंपो तरी चांगला निघाला का, तसंच विचारत होती. म्हणून मला खोटं बोलता आलं नाही. कपाट उघडून तो काळा जाडजूड कॅमेरा मी तिच्या हातात दिला.

"चार वर्षं चालला," मी म्हणालो. "मग त्याचे भाग मिळेनात."

तिने तो उलटासुलटा करून बघितला. पदराने त्यावरची धूळ पुसली आणि परत दिला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ रडकी माणसं बघितलीत, पाठवणीला तर कॅमेरा त्यासाठीच सरसावून उभा असतो. त्या दिवशी ती रडली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी लेन्स पुसायचं निमित्त केलं.

"माझा काढ," ती म्हणाली.

"काय मावशी?"

"फोटो माझा काढ. लुगडं नवीन नेसलेय. तिचं तोंड माझ्यासारकं व्हतं, सगळी म्हनायची. मी गेले की पोरं माझा लावतील भिंतीला. तेवडा तरी बरा पायजे."

निळा पडदा आता नाही, पांढरी भिंत आहे. तिला स्टुलावर बसवलं. तोंडात सवयीने आलं, "हनवटी जरा वर." पुढचं वाक्य मी गिळलं. तीच म्हणाली, "दात दाखवू का?"

"दाखवा मावशी. हसा मनसोक्त."

तिने प्रयत्न केला. नाही जमलं. मी दोन काढले, तिसरा काढला, आणि तिने हात वर करून पुरे म्हणून सांगितलं. प्रिंटरमधून मोठी प्रत काढून दिली. तिने ती लांब धरून बघितली, गुंडाळी केली आणि बसूनच राहिली.

"आनि निगेटिव?"

"आता निगेटिव्ह नसतं मावशी. फोटो ह्या कार्डात असतो." मी कॅमेऱ्यातून कार्ड काढून दाखवलं.

"मंग ते दे."

"कार्ड? ते घेऊन तुम्ही काय करणार? इथे राहील ना, तुम्हाला प्रत लागली की..."

"तुझ्याकडं नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

नवा कॅमेरा मी मागवलेला होता, तुळशीच्या लग्नाआधी येणार होता. हे कार्ड त्यात बसणार नव्हतं. थोड्याच दिवसांत ते माझ्या कपाटातच गेलं असतं. हे मी तिला सांगितलं नाही. त्यातली माझी दोन साखरपुड्यांची कामं काँप्युटरवर उतरवली, आधीचं सगळं पुसलं, तिचे तीन फोटो तेवढे ठेवले आणि कार्ड तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने ते नखभर कार्ड दोन्ही बाजूंनी निरखलं. मग कनवटीचं ते पिवळं पाकीट काढून आत टाकलं, वरची कड दुमडली आणि पाकीट पुन्हा कनवटीला लावलं.

नवा कॅमेरा आला. चांगला आहे. बटण दाबलं तरी आवाज होत नाही, फोटो निघाला की नाही ते समोरच्यालाही कळत नाही आणि कधीकधी मलाही. मॅडम खूश आहेत. दुकानदार म्हणाला, आता दहा वर्षं बघायला नको.

यमुनामावशी त्या दिवशी निघाली तेव्हा मी टमटमपर्यंत सोडायला गेलो होतो. नेरळच्या बाजूची गाडी लागली होती. ती आत बसली, मांडीवर गुंडाळी धरली. मी म्हणालो, "मावशी, प्रत हरवली-फाटली तर घाबरू नका. कधीही या."

तिने कनवटीवर हात ठेवला.

"येईन की," ती म्हणाली. "आता निगेटिव माझ्याकडं हाय."